आईवडिलांच्या आठवणीचा टॅटू : हातावर काय मावतं आणि काय टिकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील जेकार्डच्या, म्हणजे कापडात नक्षी उठवणाऱ्या, मागावर चादरी विणायचे, गेल्या जानेवारीत वारले. वर्षश्राद्धाच्या आत डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत टॅटू करायचा आहे. त्यात वडिलांचा चेहरा, आईवडिलांची पूर्ण नावं, जन्म-मृत्यूच्या तारखा, सिद्धेश्वराचं देऊळ आणि भोवती सोलापुरी चादरीची नक्षी हवी आहे. धाकटा भाऊ सैन्यभरतीची तयारी करतोय, त्यालाही हाच टॅटू हवा आहे. विचारणाऱ्याला स्वतःला साखर आहे आणि गोळ्या चालू आहेत.

आधी मोजमाप करू. मध्यम बांध्याच्या पुरुषाचा हात कोपराच्या घडीपासून मनगटापर्यंत साधारण २४ सेंमी भरतो. आतल्या बाजूला सपाट जागा कोपराजवळ ६-७ सेंमी रुंद असते आणि मनगटाजवळ ४-५ सेंमीच उरते. चेहरा ओळखू यायचा तर हनुवटीपासून केसांपर्यंत किमान ९ सेंमी हवेत. नावांच्या दोन ओळी वेलांट्या-उकारांसह ४ सेंमी, तारखा २ सेंमी, देऊळ काहीही केलं तरी ८ सेंमी. बेरीज २३ झाली आणि मधे श्वास घ्यायला जागा नाही, नक्षी तर अजून बाकीच आहे. एवढं सगळं दामटून बसवून देणारा कारागीर मिळेलही. पहिल्या दिवशी फोटो झकास येईल, पण सात-आठ वर्षांत सगळ्याचा मिळून एक काळपट पट्टा होईल.

कारण असं. शाई त्वचेच्या वरच्या थराखाली, साधारण १ ते २ मिमी खोलीवर बसते. तिथल्या भक्षकपेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात. त्या पेशी मेल्या की शेजारच्या नव्या पेशी तेच कण उचलतात. या देवाणघेवाणीत कण किंचित सरकतात आणि रेघ वर्षागणिक जाडावते. आज अर्ध्या मिमीची काढलेली रेघ दहाएक वर्षांनी दीडपट ते दुप्पट होईल असं धरूनच चित्र आखायचं. म्हणजे दोन रेघांमध्ये आज निदान २ मिमी मोकळी कातडी हवी. हा एक नियम पाळला तर निम्मे पश्चात्ताप टळतात.

म्हणून पाचातून दोनच गोष्टी घ्या, आणि त्या दोन्ही वडिलांच्या हातच्या असतील तर उत्तम. देऊळ साऱ्या गावाचं आहे आणि नाव आणखी शंभर जणांचं असेल, पण सही फक्त त्यांचीच. माझ्या मते आठवणीच्या टॅटूत हस्ताक्षराला तोड नाही. शिवाय ते चेहऱ्यापेक्षा कितीतरी कमी जोखमीचं आणि स्वस्त पडतं.

सही कुठे मिळेल? तुमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘पालकाची सही’ या रकान्यात. मग बँकेचे जुने कागद, सोसायटीची पावती, लग्नाच्या आहेराची वही, हिशेबाची डायरी. मिळालेल्या सह्यांपैकी घाईत ठोकलेली नको, सावकाश केलेली निवडा. स्कॅन ६०० डीपीआयवर करा. स्कॅनर नसेल तर कागद उन्हाच्या कडेला सावलीत सपाट ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवा, फ्लॅश बंद करा आणि मोबाइल कागदाच्या बरोबर वर आडवा धरून फोटो काढा. तिरका फोटो आला तर अक्षर एका बाजूने चेपतं आणि सही दुसऱ्याचीच वाटते. बॉलपेनची सही मूळ मापात गोंदता येत नाही, दुपटी-अडीचपटीने मोठी करावी लागते. कारागिराला एकच ताकीद द्या, की अक्षर ‘सुधारायचं’ नाही. शिरोरेघ मधेच तुटलेली असेल, र ची शेपटी खाली लोंबत असेल, तर ती तशीच राहू द्यायची.

वडील अंगठा लावत असतील तर जुन्या खरेदीखतावर किंवा कर्जाच्या कागदावर ठसा सापडतो. पण बोटावरच्या रेषा एकमेकींपासून जेमतेम अर्धा मिमी अंतरावर असतात. मूळ मापात गोंदला तर वर्षभरात तो काळा डाग दिसेल. चार-पाचपट मोठा करा, म्हणजे ८ ते १० सेंमी, आणि मधल्या काही रेषा गाळा. आईचा अंगठा घ्यायचा असेल तर रेषा गाळणं आणखी गरजेचं आहे. आधारवर अंगठा लावून आज पैसे निघतात. हयात माणसाचा अख्खा ठसा हातावर मिरवू नये आणि त्याचा फोटो तर कुठेच टाकू नये.

आता चादरीची नक्षी. ही कल्पना छान आहे आणि सोलापूरच्या माणसाला शोभते, फक्त काम वेगळ्या रीतीने करावं लागतं. जेकार्डची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात, मग तिच्यावरून पट्ट्यांना भोकं पाडतात. चादरीच्या फोटोवरून नक्षी गिरवायला गेलात तर धाग्याची लव दिसते, कडा धूसर होतात. त्यापेक्षा चादर सपाट अंथरून काठातला एकच ठसा निवडा आणि तो चौकटीच्या कागदावर नव्याने उतरवा. हातावर प्रत्येक चौकोन किमान २ मिमीचा ठेवा. या हिशेबाने २ सेंमी रुंदीच्या पट्टीत दहाच घरं बसतात, म्हणून मोर किंवा वेलबुट्टी विसरा आणि पायऱ्यापायऱ्यांची शंकरपाळी घ्या. भरीव आणि रिकामी घरं आलटूनपालटून आली की ती विणल्यासारखी दिसते. पट्टी हाताभोवती पूर्ण फिरवू नका. हाताचा घेर वर जास्त आणि खाली कमी असल्याने दोन टोकं जुळताना एक-दोन घरांचा फरक पडतोच आणि नजर नेमकी तिथेच जाते. पट्टी आतल्या बाजूला उघडी सोडा. वडिलांचा धोटा, म्हणजे आडव्या धाग्याची कांडी घेऊन मागावर इकडून तिकडे जाणारा लाकडी तुकडा, घरात जपून ठेवला असेल तर त्याची बाह्यरेषा नक्षीहूनही चांगली. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता आकार हाताच्या ठेवणीत आपोआप बसतो, आणि १० सेंमीच्या धोट्यात कांडीच्या जागी सही मावते.

नावच हवं असेल तर देवनागरीचे स्वतःचे त्रास आहेत. इंग्रजी अक्षरं ६ मिमीतही वाचता येतात, देवनागरीला शिरोरेघेपासून पायापर्यंत १०-१२ मिमी लागतात, आणि मात्रा-उकारांसाठी वर-खाली निम्मी जागा आणखी. भ, म, ध यांच्या गाठी आधी भरून येतात. ‘लक्ष्मी’मध्ये क्ष, म आणि वेलांटी एकमेकांना खेटतात. ‘पार्वती’त रफार आणि ती ची वेलांटी डोक्यावर शेजारी-शेजारी येतात, तिथे दोघांत २ मिमी मुद्दाम सोडावे लागतात, नाहीतर पुढेमागे दोन्ही मिळून एकच आकडा दिसतो. अनुस्वाराचा टिंब शिरोरेघेपासून ३ मिमी वर ठेवा.

शुद्धलेखनाची चूक मात्र बहुतेक वेळा सुईने होत नाही, संगणकावर होते. चित्रं काढायच्या काही ॲपना मराठी जोडाक्षरं नीट जोडता येत नाहीत. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, ‘श्व’ फुटून पाय मोडलेला श आणि सुटा व होतो. जुन्या फाँटमधला मजकूर नव्यात आणला तरी हीच गत. आपल्याकडची नेहमीची चूक म्हणजे ‘सिद्धेश्वर’ऐवजी ‘सिध्देश्वर’. द ला ध जोडायचा असतो, ध ला द नाही. सिद्राम, सिद्धाराम, सिद्धराम यांपैकी काय, हे आधारकार्डावरून ठरवू नका, वडील स्वतः कसं लिहायचे ते पाहा. घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड असेल तर नाव त्या लिपीत लिहिणं जास्त जवळचं वाटेल, पण दोन्ही लिप्या दिसायला इतक्या सारख्या की परका कारागीर एकीच्या जागी दुसरी बिनदिक्कत उतरवतो. तेलुगू अक्षराच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखी तिरकी टिक असते, कन्नडमध्ये तिथे आडवी रेघ असते. ती लिपी रोज वाचणाऱ्या दोन माणसांकडून कागद वाचून घ्या, आणि त्यांना नाव आधी सांगू नका. ‘हे काय लिहिलंय?’ एवढंच विचारा.

तारखांबद्दल माझं मत सरळ आहे : मृत्यूची तारीख नको. ती विसरली जात नाही, आणि रोज मनगटावर पाहावी अशीही नसते. जन्मतारीख घालायची तर आधी घरात विचारा. त्या पिढीतल्या पुष्कळांची कागदोपत्री जन्मतारीख शाळेच्या मास्तरांनी घातलेली १ जून असते. आईला किंवा आत्याला खरी तिथी, निदान कोणत्या सणाच्या पुढेमागे ते माहीत असतं.

चेहऱ्यावरच अडून बसला असाल तर हाताच्या आतल्या बाजूवर नको, दंडाच्या बाहेरच्या बाजूला घ्या. तिथे १० ते १२ सेंमी उंचीचा चेहरा बसतो आणि ऊनही कमी लागतं. पोटरीवर जागा भरपूर असते, पण आईवडिलांचा चेहरा पायावर म्हटल्यावर घरात काय होईल ते तुम्हीच जाणता. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोचा मोबाइलने फोटो काढू नका, काचेची चकाकी नेमकी डोळ्यांवर येते. फ्रेम उघडा, फोटो बाहेर काढून स्कॅन करा. पासपोर्ट फोटोपेक्षा लग्नातला, एका बाजूने उजेड पडलेला फोटो बरा, कारण चेहऱ्याला उठाव सावलीमुळे येतो. फोटो ‘साफ’ करून देणारी ॲप वापरू नका. ती नसलेल्या पापण्या आणि दुसऱ्याचीच जिवणी भरतात, आणि मग टॅटूतला माणूस वडिलांचा चुलतभाऊ वाटतो. काम काळ्या-करड्या छटांतच करा. आपल्या सावळ्या कातडीवर पांढरा, पिवळा आणि फिकट निळा काही महिन्यांत मळकट दिसतात, उजेडाची जागा म्हणून कातडी कोरी सोडणं हाच उपाय. चांगल्या चेहऱ्याला चार ते सहा तास लागतात. कारागीर निवडताना त्याचे ताजे फोटो पाहू नका, सगळेच ताजे टॅटू सुंदर दिसतात. किमान वर्षभर जुन्या, पूर्ण बऱ्या झालेल्या तीन चेहऱ्यांचे फोटो मागा. नसतील तर दुसरीकडे जा, पुण्याला जावं लागलं तरी जा.

भावाचा विषय वेगळा आहे आणि त्यात भावना चालत नाही. सैन्यात हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला टॅटू चालतो, इतरत्र तो आदिवासी समाजांच्या रूढीपुरता मान्य असतो. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या केंद्रीय दलांच्या भरतीत अट आणखी कडक : हाताची आतली बाजू असली तरी सलाम न करणारा, म्हणजे डावाच हात, किंवा तळहाताची मागची बाजू. माप शरीराच्या त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा कमी आणि मजकूर नाव किंवा धार्मिक चिन्ह. तुमच्या मनातला कोपर ते मनगट टॅटू त्याने केला तर या केंद्रीय दलांच्या वैद्यकीय तपासणीतच बाहेर. नंतर लेझरने काढू म्हणाल, तर सहा-आठ-दहा बैठका, दर दोन बैठकांत सहा ते आठ आठवड्यांचं अंतर, आणि सावळ्या कातडीवर पांढरे चट्टे राहण्याची भीती. राज्य पोलीस आणि एसआरपीएफसाठी त्या-त्या वर्षीची जाहिरात वाचावी. सर्वांत शहाणपणाचं म्हणजे नेमणुकीचं पत्र हातात पडेपर्यंत त्याने थांबावं.

तुमची साखर. टॅटू म्हणजे हजारो बारीक जखमा. साखर आटोक्यात नसेल तर त्या सावकाश भरतात, पू धरण्याचा धोका वाढतो. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी तपासणी करून ती डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी हो म्हटलं तरच तारीख ठरवा. घोट्याखाली अजिबात नको. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. जुन्या जखमेचा किंवा कान टोचल्याचा व्रण फुगून वर आला असेल तर छाती आणि खांदा टाळा, तिथे गाठीसारखा व्रण पटकन येतो. हेपॅटायटिस बीची लस झालेली नसेल तर तीन मात्रा ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, जमल्यास आधीच सुरू करा. आणि जयंतीच्या शिबिरात नेमाने रक्तदान करत असाल तर आधी ते उरकून घ्या, टॅटूनंतर १२ महिने रक्त घेत नाहीत.

काही जण अस्थींची चिमूटभर राख शाईत मिसळायला सांगतात. भावना कळते, पण करू नका. राखेचे कण लहानमोठे आणि टोकदार असतात, ती निर्जंतुक नसते, कातडी त्यांच्याशी भांडते आणि वर्षानंतरही गाठी येऊ शकतात.

जत्रेत बॅटरीवरच्या यंत्राने नाव गोंदून देणारे बसतात. पूर्वी आज्जीच्या हातावरची तुळस आणि ठिपके असेच काढलेले असायचे, म्हणून ते घरचं वाटतं. पण तिथे एकच सुई आणि एकच शाईची वाटी सगळ्यांना फिरते, आणि कावीळ बी, सी नि एचआयव्ही याच वाटेने जातात. आज्जीच्या गोंदणाचीच खूण हवी असेल तर तिच्या हातावर पारदर्शक प्लास्टिक ठेवून पेनाने गिरवून घ्या आणि ते दुकानात न्या. पसरलेल्या ठिपक्याचा मध्य धरून गिरवा, कडा धरून नको. दुकानात सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे, तिच्यावरची मुदत वाचा. शाई छोट्या टोपणांत ओतलेली असावी आणि उरलेली फेकून द्यावी, बाटलीत परत जाता कामा नये. यंत्र आणि वायर प्लास्टिकने गुंडाळलेली, सुया टाकायला जाड भिंतीचा डबा. हातमोजे घालून कारागिराने मोबाइल उचलला तर मोजे बदलायला सांगा, लाजू नका. धातूची नळी पुन्हा वापरत असतील तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र, कुठे आहे विचारा : १२१ अंश, १५ पौंड दाब, निदान १५ ते २० मिनिटं. नुसतं उकळलेलं किंवा स्पिरिटने पुसलेलं म्हणजे निर्जंतुक नाही.

प्रत्यक्ष दिवशी पोटभर जेवून जा, आदल्या रात्री दारू नको. त्याच्या आठवडाभर आधी चित्राची खऱ्या मापाची प्रिंट हातावर चिकटवून दोन-तीन दिवस वावरा. हात खाली सोडल्यावर, मोटारसायकलच्या हँडलवर, जेवताना कसं दिसतं ते बघा. गोंदण्याआधी चित्राचा छापा कातडीवर उमटवतात; तो हात टेबलावर उताणा ठेवून उमटवला तर हात सोडताच शिरोरेघ पिळली जाते, कारण मनगट फिरलं की कातडीही फिरते. उभं राहून, हात सैल सोडून छापा घ्या. तो १०-१५ मिनिटं वाळू द्या, ओल्यावर काम सुरू केलं तर पुसताना रेघा जातात. मग मजकूर अक्षर-अक्षर मोठ्याने वाचा आणि सोबतच्याकडूनही वाचून घ्या. सेल्फी कॅमेऱ्यात बघू नका, त्यात अक्षरं उलटी दिसतात आणि उगाच घबराट होते. नाव तिरपं वाटलं तर छापा पुसून पुन्हा लावायला सांगा. दोनदा, तीनदा, हरकत नाही.

सुई उथळ गेली तर शाई खपलीबरोबर निघून जाते. खोल गेली तर रेघेभोवती निळसर ओघळ पसरतो, तो कधीच जात नाही. मनगटाजवळ आणि कोपराच्या घडीत कातडी पातळ असल्याने हा प्रकार तिथेच जास्त होतो. म्हणून मजकूर दोन्ही घड्यांपासून ३-४ सेंमी दूर ठेवा.

वेळापत्रकाचं सांगायचं तर सोलापुरात टॅटूला नोव्हेंबर-डिसेंबरसारखा काळ नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, घामाने खपल्या ओल्या राहतात. वडिलांचं श्राद्ध जानेवारीत आहे आणि गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्राही, तेव्हाच, म्हणून बैठक नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घ्या. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत भरते, आतली भरायला दोन ते तीन महिने लागतात. पहिला महिना तलाव, नदी, पोहण्याचा तलाव बंद. चंद्रभागेचं स्नान असेल तर टॅटू त्याच्या महिनाभर आधी किंवा नंतर. भंडारा, गुलाल, कुंकू ताज्या टॅटूवर पडू देऊ नका. सोलापूरच्या बाळे भागातल्या खंडोबाला जाणार असाल तर पूर्ण बाहीचा शर्ट घाला. घरून हळद लावायचा आग्रह होईल, त्यालाही नाही म्हणा.

धुणं दिवसातून दोन-तीनदा, बिनवासाच्या सौम्य साबणाने. नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि टाकीत साठून राहतं, तेव्हा पहिला आठवडा उकळून गार केलेलं पाणी वापरा. कोरडं करायला टिश्यूने टिपा. सोलापुरी टॉवेल कितीही नावाजलेला असला तरी त्याच्या लूपमध्ये खपली अडकते आणि शाईसकट उपटली जाते. डॉक्टरांनी सांगितलेलं मलम तळहाताएवढ्या जागेला वाटाण्याएवढं पुरे; थापून लावलं तर कातडी गुदमरते आणि पुळ्या येतात. पारदर्शक चिकट पट्टी लावली असेल आणि तिच्याखाली पाणी साचून कडेने गळू लागलं तर ती काढून टाका. यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात किंवा रंगखात्यात काम असेल तर चार-पाच दिवस सुट्टी काढा, नाहीतर सैल सुती बाही घाला. उडणारा कापसाचा तूस ओल्या जखमेला चिकटून बसतो. चौथ्या दिवसापासून खाज सुटेल. खाजवू नका, वरून हलकेच थोपटा.

दोन दिवसांनंतर लाली कमी व्हायला हवी. ती वाढत असेल, हात गरम लागत असेल, पू किंवा ताप असेल, लाल रेघ काखेकडे चढताना दिसत असेल, तर कारागिराला फोटो पाठवत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. साखर असलेल्याने तर एक रात्रही थांबू नये. खासगी दवाखाना परवडत नसेल तर सिव्हिल आहेच.

सहा आठवड्यांनी उजेडात हात पाहा. कुठे रेघ फिकी पडली असेल तर ती भरून घ्यायची वेळ हीच, आणि चांगला कारागीर पहिल्या भरणीचे वेगळे पैसे घेत नाही. हे सुरुवातीलाच बोलून ठेवा. आईची सही पुढे त्याच हातावर घ्यायची असेल तर धोट्याच्या खाली ५ सेंमी जागा आजच कोरी सोडा, आणि ती सही मात्र तिच्याकडून आत्ताच, शाईपेनने, मोठ्या अक्षरात चार-पाचदा कोऱ्या कागदावर करून घ्या.